मुलाच्या सुटकेचा थरारपट: माग कसा बांधायचा आणि तो कुठे तुटतो

(पटकथा लिहिणाऱ्यांची ही चर्चा आहे; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव दिलं आहे.)

चौकट

पळवून नेलेल्या मुलाला सोडवायला आई किंवा बाप एकट्याने निघतो, या धर्तीचे चित्रपट सतत येत असतात आणि त्यातले बरेचसे दुसऱ्या तासात गळपटतात. दोष मारामाऱ्यांना दिला जातो. माझ्या मते खरा दोष मागाचा असतो. बाप अमुक गोदामापर्यंत पोचला कसा, याचं उत्तर 'त्याला कळलं' एवढंच असेल, तर पुढची मारामारी कितीही चांगली बसवा, प्रेक्षक हलत नाही. तिथवर पोचायला बापाचं काहीच गेलेलं नसतं ना.

'टेकन' (२००८) फोनच्या प्रसंगामुळे गाजला हे खरं, पण त्या प्रसंगात बाप नेमकं काय करतो ते बघा. मुलगी पलंगाखाली लपली आहे आणि तिला नेणार हे त्याला कळून चुकलंय. खोटा धीर देण्यात तो वेळ घालवत नाही. तो तिला सांगतो की ते तुला धरतील, त्या क्षणी जे दिसेल ते ओरडून सांग. ती ओरडते: दाढी, उंची, हातावरचं गोंदण. मग पलीकडच्या माणसाच्या तोंडून दोन शब्द निघतात. त्या ध्वनिमुद्रणातून बोली कळते, बोलीतून टोळी, आणि खोलीत सापडलेल्या फुटक्या फोनमधल्या फोटोतून पहिला माणूस. मुलीने भीतीने गारठलेली असतानाही काम केलं, त्यावर पुढचा चित्रपट उभा आहे.

तेव्हा पटकथेला हात घालण्याआधी मागाच्या कड्यांची यादी करा. प्रत्येक कडीसमोर चार गोष्टी लिहा: काय कळलं, कशातून कळलं, त्यापायी काय गेलं (वेळ, रक्त, पैसा, कोणाचा तरी विश्वास), आणि त्यातून समोरच्या टोळीला काय कळलं. चौथा रकाना सगळ्यात जास्त वेळा रिकामा सापडतो. बापाने एका माणसाला बदडून पत्ता काढला, तर तो माणूस संध्याकाळी फोन उचलणार नाही. टोळीला हे दोन तासांत कळायला हवं, आणि कळल्यावर त्यांनी मुलाला हलवायला हवं. शंभरेक पानांच्या पटकथेला अशा दहा-बारा कड्या पुरतात. वीस केल्यात तर प्रत्येकीला जेमतेम पाच पानं मिळतात आणि सगळ्या सारख्याच वाटायला लागतात.

योगायोगाबद्दल एकच: तो बापाला अडचणीत टाकत असेल तर खपतो, अडचणीतून काढत असेल तर नाही.

रीळवाला

मागाचं मान्य. पण त्याआधीची वीस-पंचवीस मिनिटं अनेकांना वाया गेल्यासारखी वाटतात आणि संकलनात सगळ्यात आधी तीच कापली जातात. मूल पडद्यावर फक्त गोड दिसलं तर त्याच्या सुटकेला वजन येत नाही. त्याला हट्ट हवा, एखादं कौशल्य हवं, एखादी भीती हवी, आणि यातल्या निदान एका गोष्टीने पुढे कथेला वळण द्यायला हवं. अंधाराला भिणारी मुलगी अंधारात कोंडली गेली तर तो नुसता छळ झाला. तीच मुलगी भीती घालवायला आकडे मोजत असेल आणि त्या मोजण्यामुळे गाडी किती वेळ चालली हे तिला सांगता आलं, तर पहिल्या वीस मिनिटांची भरपाई झाली.

वयाचा हिशोब नीट करा. चार वर्षांच्या मुलाला स्वतःचं आडनाव धड सांगता येईलच असं नाही, त्याच्याकडून खुणा सोडवून घेऊ नका. सात-आठ वर्षांचं मूल आवाज, वास आणि वळणं लक्षात ठेवतं, पण वेळेचा अंदाज त्याला नसतो. पंधरा वर्षांचं मूल सौदा करू शकतं, खोटं बोलू शकतं, पहारेकऱ्याशी गप्पा मारून त्याला माणूस म्हणून ओळखू शकतं. तिन्ही वयांचे तीन वेगळे चित्रपट होतात. नुसतं वय बदलून तीच पटकथा चालत नाही.

वेळापत्रक

घड्याळाविषयी कोणी तरी लिहायलाच हवं.

'कमांडो' (१९८५) कथेच्या बाबतीत फार भोळा चित्रपट आहे, पण त्याचं घड्याळ पक्कं आहे. बापाला विमानात बसवून दुसऱ्या देशात पाठवतात, प्रवास ११ तासांचा. तो उड्डाणाच्या वेळीच विमानातून निसटतो आणि मनगटावरच्या घड्याळात ११ तास लावतो. विमान उतरलं आणि तो त्यात नाही हे कळलं की मुलगी गेली. ही मुदत कोणी तोंडाने दिलेली नाही, ती विमानाच्या प्रवासातूनच आली आहे. म्हणून ती लांबवता येत नाही आणि खलनायकालाही दया दाखवून बदलता येत नाही. 'चोवीस तासांत पैसे आणा' ही तोंडी मुदत मात्र कोणत्याही क्षणी वाढवता येते आणि प्रेक्षकाला ते ठाऊक असतं.

मुदत कशातून आणता येईल? मुलाचं औषध: इन्सुलिनवर असलेल्या मुलाचं काही तासांतच बिघडायला लागतं. भरती-ओहोटी, बंदरातून सुटणारं जहाज, पाडायला घेतलेली इमारत. कथा लिहिताना प्रत्येक दृश्याच्या डोक्यावर उरलेला वेळ लिहा आणि प्रवासाचे तास खरे धरा. शंभर किलोमीटर दूरच्या ठिकाणी बाप पुढच्याच दृश्यात हजर झाला की घड्याळावरचा विश्वास उडतो आणि तो पुन्हा बसत नाही.

तारयंत्र

फोनच्या मागाचं बोलू, कारण इथे निम्मे लेखक चाळीस वर्षांपूर्वीच अडकलेत.

'त्याला अजून एक मिनिट बोलत ठेवा, पत्ता लागतोय' हे वाक्य जुन्या यांत्रिक टेलिफोन एक्स्चेंजच्या काळातलं आहे. तिथे जोडणी प्रत्यक्ष फिरणाऱ्या स्विचांमधून व्हायची आणि ती चालू असतानाच माणसांना एका एक्स्चेंजकडून मागच्या एक्स्चेंजकडे उलट जावं लागायचं. फोन ठेवला की जोडणी सुटली, माग संपला. डिजिटल एक्स्चेंजमध्ये कॉल लागतानाच दोन्ही नंबर नोंदले जातात, तीन सेकंद बोला की तीन तास. आजच्या काळातल्या कथेत घाम पुसत बाण फिरवणारा तंत्रज्ञ दाखवलात तर जाणकार तिथेच उठतो.

मोबाइलवरून कळतं ते असं: फोन कुठल्या टॉवरच्या कुठल्या बाजूला आहे. दाट वस्तीत टॉवरचा पल्ला काहीशे मीटर, मोकळ्या प्रदेशात कित्येक किलोमीटर. ३०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ धरलं तरी ते पाव चौरस किलोमीटरच्या वर जातं. त्यात शेकडो दारं असतात, उंच इमारती असतील तर हजारो. म्हणजे ताण 'पत्ता लागेल का' यात नाहीच, 'एवढ्या दारांतलं कुठलं' यात आहे, आणि तो पडद्यावर दाखवायला जास्त चांगला आहे. दुसरं, सिमकार्ड बदललं म्हणजे फोन नवा झाला असं नव्हे. हँडसेटचा स्वतःचा १५ अंकी क्रमांक तोच राहतो. टोळी हुशार दाखवायची असेल तर ती हँडसेट बदलेल, अर्धवट हुशार असेल तर नुसतं सिम. दुसऱ्या प्रकारची टोळी लेखकाच्या जास्त कामाची.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ही माहिती आईबापाला मिळतच नाही. ती कंपनीकडे असते आणि कायदेशीर मागणीशिवाय ती देत नाहीत. बापाला ती हवी असेल तर आतल्या कोणाला तरी नोकरी पणाला लावावी लागेल. 'चौकट' म्हणतात तो तिसरा रकाना इथे आपोआप भरतो.

संवादिनी

वाटाघाटीच्या दृश्यांत एक चूक हमखास दिसते. बाप फोनवर ओरडतो, 'मला तिचा आवाज ऐकू द्या', मूल 'बाबा' म्हणून किंचाळतं, फोन कट. भावनेला हे ठीक आहे, पण प्रत्यक्ष काम करणारे वाटाघाटकार याच्यावर भागवत नाहीत. आवाज आधी मुद्रित केलेला असू शकतो. ते असा प्रश्न देतात ज्याचं उत्तर फक्त त्या मुलालाच माहीत असेल आणि जो आजच विचारला गेलाय. ही पद्धत पटकथेला फार सोयीची आहे: तो प्रश्न कुठला, यातून आपल्याला घर दिसतं. ज्या बापाला आपल्या मुलाविषयी असा एकही प्रश्न सुचत नाही, त्याचं पात्र त्या एका क्षणात उघडं पडतं. आणि उत्तरात मुलाने मुद्दाम एक चूक केली तर तो निरोप झाला.

दुसरी चूक: पोलीस अधिकारीच फोनवर बोलतो आणि तोच निर्णयही घेतो. प्रत्यक्षात बोलणारा आणि निर्णय घेणारा वेगळे ठेवतात. बोलणाऱ्याला 'मला विचारावं लागेल' असं खरेपणाने म्हणता यावं आणि वेळ मिळावा यासाठी. घरात दोन माणसं असतील तर हीच रचना आई-बापांमध्ये लावता येते. बोलणारी एक, कागदावर मुद्दे लिहून समोर धरणारा दुसरा, आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. खोली एक, टेबल एक, आणि सात-आठ मिनिटांचं दृश्य मारामारीशिवाय उभं राहतं.

तोलमाप

खंडणीची रक्कम लिहिताना वजन-माप काढा. कुठल्याही चलनाचं निघतं.

'रॅन्सम' (१९९६) मध्ये मागणी २० लाख डॉलरची आहे. डॉलरची नोट कितीचीही असो, वजन साधारण एक ग्रॅम. शंभराच्या नोटा घेतल्या तर २०,००० नोटा, म्हणजे २० किलो. विसाच्या घेतल्या तर एक लाख नोटा, १०० किलो. शंभराच्या २०,००० नोटा घट्ट रचल्या तरी साडेबावीस लिटरच्या आसपास जागा लागते. ४५ बाय ३३ बाय १० सेंटिमीटरची ब्रीफकेस जेमतेम पंधरा लिटरची. म्हणजे एका ब्रीफकेसमध्ये ते बसत नाहीत, आणि विसाच्या नोटा मागितल्या असतील तर एकटा माणूस ते घेऊन धावू शकत नाही. 'लहान, वापरलेल्या नोटा' मागणाऱ्या अपहरणकर्त्याला त्या उचलायच्या कशा हे सांगता आलं पाहिजे.

हा हिशोब कथेत कसा विणायचा याचा धडा 'हाय अँड लो' (१९६३) मध्ये आहे. कुरोसावाच्या या चित्रपटात अपहरणकर्ता तीन कोटी येन मागतो आणि पिशव्या ७ सेंटिमीटरपेक्षा जाड नकोत असं सांगतो. कारण नंतर कळतं: धावत्या आगगाडीच्या स्वच्छतागृहाची खिडकी तेवढीच उघडते. एका मापावर सगळा बेत उभा. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर पुढे जाते, म्हणजे पिशवी टाकणाऱ्याला खाली उभ्या माणसाचा चेहरा निवांत पाहायला वेळच नाही. पोलीस काय करतात? गाडीतून छोट्या कॅमेऱ्यांनी चित्रण करतात आणि नंतर ते चालवून बघतात. पुन्हा मागच.

रीळवाला

त्याच पिशव्यांमध्ये पोलीस कुपी लपवतात. पिशवी जाळली की रंगीत धूर. कृष्णधवल चित्रपटात तो एकच धूर गुलाबी आहे. शोध पुढे सरकवणारी खूण आणि चित्रपटातला सगळ्यात लक्षात राहणारा शॉट एकच, असं क्वचित जमतं.

त्यात आणखी एक गोष्ट आहे जी आपल्या विषयाच्या मुळाशी जाते. पळवलं जातं ते उद्योगपतीचं मूल नाही, त्याच्या ड्रायव्हरचं. चुकून. पैसे देणारा एक आणि ज्याचा जीव टांगलाय तो दुसरा. खरा बाप त्या दिवाणखान्यात मान खाली घालून उभा असतो आणि त्याला मागायचाही हक्क वाटत नाही.

तारयंत्र

नोटांवरून आठवलं ते खऱ्या प्रकरणातलं. १९३२ च्या लिंडबर्ग अपहरणात (प्रसिद्ध अमेरिकी वैमानिकाचं तान्हं मूल पळवलं गेलं होतं) ५०,००० डॉलर दिले गेले, त्यातला मोठा भाग मुद्दाम गोल्ड सर्टिफिकेट प्रकारच्या, म्हणजे सोन्याची हमी असलेल्या नोटांचा ठेवला आणि सगळे क्रमांक टिपून घेतले. पुढच्या वर्षी त्या नोटा चलनातून काढल्या गेल्या, त्यामुळे एखादी दिसली की लक्षात यायची. १९३४ च्या सप्टेंबरात एका पेट्रोल पंपावरच्या माणसाला अशी नोट मिळाली, त्याला शंका आली आणि त्याने नोटेच्या कडेला गाडीचा क्रमांक लिहून ठेवला. त्यावरून अटक झाली. मूल वाचलं नव्हतं, त्याचा मृतदेह अपहरणानंतर दहा-अकरा आठवड्यांतच सापडला होता. पटकथाकाराने यातून घ्यायचं ते हे की माग लावणारा दुवा बहुतेकदा तिऱ्हाईत माणसाच्या साध्या सवयीतून येतो. पंपावरच्या त्या माणसाला कथेत अर्धं पान द्या, नाव द्या. नाहीतर तो फक्त लेखकाची सोय वाटतो.

पहारा

सगळे बापाकडून विचार करताहेत. मला टोळीकडून विचार करायला आवडतं, कारण तिथे आकडे फार बोलके असतात.

जिवंत मुलाला चार दिवस ठेवणं हे काम आहे. चोवीस तास पहारा, आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे नुसत्या दारावर तीन माणसं. गाडी चालवणारा, फोन करणारा आणि बाहेरचं सामान आणणारा वेगळे ठेवले तर सहा. दोघांवर भागवलं तर बारा-बारा तासांच्या पाळ्या होतात आणि दुसऱ्या रात्री कोणीतरी बसल्या जागी झोपतो. मुलाला खायला लागतं, पाणी लागतं, दर तीन-चार तासांनी लघवीला न्यावं लागतं, रडलं तर आवाज जातो, ताप आला तर औषध आणावं लागतं. यातली प्रत्येक गोष्ट बाहेर खूण सोडते. एकट्या राहणाऱ्या पुरुषाने लहान मुलाचं तापाचं औषध विकत घेतलं, बंद पडलेल्या इमारतीचं पाणी अचानक वापरलं जायला लागलं, कचऱ्यात दुधाच्या पिशव्या आल्या. बापाला गोळीबार करायची गरज पडायच्या आधीच माग इथे सापडतो.

आणि टोळीत मतभेद हवेत. सहा माणसांना सहा कारणं असतात. मुलाने ज्याचा चेहरा पाहिलाय त्याची आणि ज्याचा पाहिला नाही त्याची शेवटी एकच बाजू राहू शकत नाही. 'आता मुलाचं काय करायचं' या प्रश्नावर टोळी फुटते, ते दृश्य लिहिलं नाही तर खलनायक नुसते गोळ्या खायला उभे राहिलेले वाटतात.

चौकट

पहारा यांचा प्रतिसाद वाचून यादीत पाचवा रकाना घालावा असं वाटतंय: त्या वेळी मूल कुठे आहे आणि त्याच्याजवळ कोण आहे. पडद्यावर दिसो न दिसो.

हाडवैद्य

मारामारीतल्या शरीराबद्दल. चार गोष्टी इतक्या वेळा चुकीच्या दाखवल्या जातात की त्या खऱ्या दाखवल्यात तरी चित्रपट वेगळा उठून दिसेल.

नुसत्या मुठीने कवटीवर ठोसा मारला की अनेकदा मारणाऱ्याचंच हाड मोडतं. करंगळीच्या मुळाशी, तळहातात. डॉक्टर त्याला बॉक्सरचं फ्रॅक्चर म्हणतात, आणि ते सरावलेल्या मुष्टियोद्ध्यापेक्षा न सरावलेल्याला जास्त होतं. अर्ध्या तासात हात सुजतो, पकड जाते. बाप साधा माणूस असेल तर पहिल्याच मारामारीत त्याचा उजवा हात निकामी करा. पुढे कुलूप उघडणं, गाडीची चावी फिरवणं, मुलाचे दोर सोडवणं हे सगळं डाव्या हाताने. दृश्य आपोआप लांबतं आणि ताणतं, वेगळी अडचण शोधावी लागत नाही.

डोक्यात मारून माणूस तासभर शांत झोपत नाही. काही सेकंदांत, फार तर एक-दोन मिनिटांत शुद्धीवर आला तर आला. त्याहून जास्त वेळ पडून राहिला तर मेंदूला गंभीर इजा झालेली असते. पहारेकऱ्याला 'बेशुद्ध' करून बाप पुढे गेला, तर तो पहारेकरी परत उठणार किंवा मरणार, दोन्हींपैकी काय ते लेखकाने ठरवावं.

क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावताच मूल मान टाकतं, हे खोटं आहे. त्याला काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ मूल लाथा झाडतं, आणि ते दाखवायचं धाडस नसेल तर मूल पळवण्याची दुसरी रीत शोधा. बहुतेक मुलं ओळखीच्या माणसाबरोबर आपल्या पायांनी चालत जातात. ते दाखवणं सोपंही आहे आणि जास्त भीतिदायकही.

बंद खोलीत पिस्तूल झाडलं तर दणका १६० डेसिबलच्या आसपास. सायलेन्सर लावला तर त्यातले २० ते ३५ कमी होतात, म्हणजे शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढा आवाज उरतोच. उघड्या आवाजाने कानात शिट्टी वाजत राहते, काही वेळ बोलणं ऐकू येत नाही. तरीही आपले नायक गोळीबारानंतर लगेच मुलाची दबलेली हाक ऐकतात.

मूकपट

शेवटचा मुद्दा ध्वनीसाठी सोनं आहे. गोळीनंतर सगळे वरचे स्वर कापून टाका, एक बारीक शिट्टी ठेवा, आणि मुलाचे ओठ हलताना दिसू द्या. बापाला ऐकू येत नाही, प्रेक्षकालाही नाही. हाक ऐकू येण्यापेक्षा ही न येणारी हाक जास्त काम करते. शिट्टी दहा-पंधरा सेकंदांपलीकडे ताणू नका, प्रेक्षकाचे कान खरोखर दमतात. हळूहळू आवाज परत आणताना आधी बापाचा स्वतःचा श्वास आणा, मग खोली, मग मूल.

कात्री

मारामारीच्या संकलनावर. 'टेकन ३' (२०१४) मधलं कुंपणावरून उडी मारण्याचं दृश्य सगळ्यांनी पाहिलं असेल: जेमतेम सहा सेकंदांत डझनभराहून जास्त कट. वयस्क नटाची चपळाई दाखवायला तुकडे केले जातात, पण माणूस कुठून कुठे गेला हेच हरवतं. भूगोल हरवला की भीतीही हरवते, कारण मूल कोणत्या दाराआड आहे हे प्रेक्षक विसरतो.

उपाय चित्रीकरणातच असतो. ठोसा चेहऱ्याच्या शेजारून जातो, मध्ये वीतभर तरी अंतर असतं. ते अंतर कॅमेऱ्याने लपवायचं. कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे किंवा मार खाणाऱ्याच्या मागे, दोघं एका रेषेत. बाजूने लावलात की फट दिसली. तालीम आधी निम्म्या वेगाने, मग पाऊण, पूर्ण वेग चित्रीकरणाच्या दिवशीच. वेग कमी वाटला तर सेकंदाला २४ ऐवजी २२ फ्रेमवर चित्रित करा, हालचाल नऊ टक्के जलद दिसते. २० च्या खाली गेलात की कपडे आणि केस चुगली करतात. संकलनात ठोसा पोचायच्या आधीच्या दोन-तीन फ्रेम काढा, आघात जड होतो. त्यानंतर मार खाणाऱ्यावर थांबा. बहुतेक जण मारणाऱ्याच्या चेहऱ्यावर कट करतात, आणि वेदना तिथे नसते.

पडद्यामागे

बालकलाकाराबद्दल कोणीच लिहिलेलं नाही, म्हणून थोडं.

लहान मुलांच्या कामाच्या तासांना जवळपास सगळीकडे कायद्याची मर्यादा असते आणि वय जितकं कमी तितके तास कमी. म्हणून तान्ह्या बाळासाठी जुळी घेतात. वेळापत्रक मुलाभोवती बांधायचं: त्याचे जवळचे शॉट दिवसाच्या सुरुवातीला, थकण्याआधी. समोरचा नट मारामारीत रक्ताने माखला असेल तर त्याचे शॉट नंतर, मूल घरी गेल्यावर. तेव्हा तो स्टँडवर लावलेल्या टेपच्या खुणेकडे बघून बोलतो. खूण मुलाच्या खऱ्या उंचीवर लावा, नाहीतर नजर चुकते आणि ते लगेच दिसतं.

मुलाला संपूर्ण कथा सांगायची गरज नसते. 'दार वाजलं की पलंगाखाली जा आणि दहा आकडे मोज' एवढी कृती पुरते. भीती संकलनात तयार होते. खरोखर घाबरवून रडवणं चूक आहे आणि उपयोगाचंही नाही, कारण तसं मूल दुसऱ्या टेकला कॅमेऱ्याजवळ येत नाही. हत्यार मुलाच्या आसपास असेल तर रबराचं. झाडतानाचा जाळ नंतर संगणकावर घालता येतो. २०२१ मध्ये 'रस्ट' या चित्रपटाच्या सेटवर हत्यारातून गोळी सुटून झालेल्या मृत्यूनंतर अनेक निर्मात्यांनी मोठ्यांच्या दृश्यांतही हीच वाट धरली.

संवादिनी

एका प्रश्नावर इथल्यांची मतं हवी आहेत. बाप माजी कमांडो किंवा हेर असला की सोय होते, पण मग धोका उरत नाही. साध्या पालकाला, विशेषतः आईला, मध्यवर्ती ठेवून दहा-बारा कड्या निघतील का?

पहारा

निघतात. तिचा पेशा हेच तिचं हत्यार. 'सर्चिंग' (२०१८) मधल्या बापाचा माग मारामारीवर चालत नाही. तो मुलीच्या लॅपटॉपवर बसतो, एका खात्याच्या पासवर्डसाठी दुसरं खातं उघडतो, दुसऱ्यासाठी तिसरं, आणि त्याला कळत जातं की आपल्याला आपली मुलगी माहीतच नाही. कडी मिळते आणि त्याच क्षणी काहीतरी जातं. परिचारिका, हिशोबनीस, बसचालक, शिक्षिका, कोणीही घ्या. हिशोबनीस आईला वीजबिलावरून कळेल की रिकाम्या इमारतीत कोणी राहतंय. फक्त तिला अंतिम दृश्यात अचानक नेमबाज करू नका.

मारहाण करून माहिती काढण्याबद्दलही विचार करा. 'प्रिझनर्स' (२०१३) मधला बाप संशयिताला कोंडून दिवसचे दिवस छळतो आणि हाती लागतं ते कोड्यासारखं एखादं वाक्य. छळला जाणारा माणूस छळ थांबवण्यासाठी काहीही बोलतो, हे तपास करणाऱ्यांना पूर्वीपासून माहीत आहे. दोन थपडांत खरा पत्ता मिळणं ही या प्रकारातली सगळ्यात स्वस्त कडी आहे. त्याऐवजी खोटा पत्ता मिळू द्या आणि बापाचे चार तास जाऊ द्या.

हाडवैद्य

सुटकेच्या दृश्यासाठी तीन गोष्टी. उन्हातून तळघरात शिरलेल्या माणसाला सुरुवातीला जवळजवळ काही दिसत नाही. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. आत बसलेल्याला मात्र सगळं दिसतंय. उलट मुलाला बाहेर आणलं की त्याचे डोळे दिपतात, ते धावत नाही, अडखळतं.

दुसरं, वजन. सहा वर्षांचं मूल साधारण वीस किलो, दहा वर्षांचं तीसच्या पुढे. एका हातावर ते मूल आणि दुसऱ्या हातात पिस्तूल धरून जिने उतरणं दाखवलंत तर खोटं दिसतं. बापाला निवडावं लागेल: मूल की हत्यार. ती निवडच दृश्याचा कणा होऊ शकते.

तिसरं, मूल लगेच मिठी मारेल असं धरू नका. रक्ताने माखलेला, ओरडणारा माणूस बाप असला तरी मूल मागे सरकू शकतं.

चौकट

मूल की हत्यार, हे आजवर लिहिलेल्या यादीत कुठेच नव्हतं. त्यासाठी खोलीचा नकाशा आधी काढावा लागेल: दारं किती, उघडतात कुठल्या बाजूला, मूल आणि पहारेकरी यांच्यामधून गोळीची रेषा जाते का.

कात्री

नकाशाबरोबर कंटिन्युइटीचा, म्हणजे दृश्यांमधल्या सलगतेचा तक्ताही करा, कारण चित्रीकरण क्रमाने होत नाही. दृश्य क्रमांक, कथेतला दिवस आणि तास, कोणती जखम किती जुनी, कपड्यांवर रक्त कुठे, मॅगझिनमध्ये उरलेल्या गोळ्या, फोनची बॅटरी. रक्त वाळल्यावर तपकिरी होतं, सहा तासांनी ते लाल दाखवू नका. १७ गोळ्यांच्या पिस्तुलातून १७ झाडून झाल्या की अठरावी नाही. बॅटरीचा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत, आणि मग सकाळी ९ टक्क्यांवर असलेल्या फोनवर बाप मध्यरात्री नकाशा बघताना सापडतो.